गाडीचा रंग फिल्मने बदलायचाय? रंगीत पीपीएफ लावून घेणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागच्या हिवाळ्यात आमची चंदेरी सेडान गडद हिरवी झाली. पुढचे दोन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये जो तो विचारत होता, "पेंट करून घेतली का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग स्टिकर?" तेही नाही. गाडीच्या मूळ रंगावर रंगीत पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, चढवलेली आहे. खाली कंपनीचा चंदेरी रंग जसाच्या तसा आहे.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. पैसा बराच जातो, आणि चूक झाली तर ती रोज डोळ्यांसमोर उभी राहते. माझं सांगणं थोडक्यात असं: बहुतेक लोक सगळा वेळ रंग निवडण्यात घालवतात, पण काम बिघडतं ते खालच्या पेंटमुळे, लावणाऱ्या हातामुळे आणि आरसीवरच्या एका शब्दामुळे. म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत.

आधी वस्तू ओळखा

बाजारात रंग बदलण्याचे तीन मार्ग आहेत. एक, पूर्ण रिपेंट. दोन, व्हिनाइल रॅप. तीन, रंगीत पीपीएफ.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म, साधारण ८० ते ११० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची. रंगांची निवड भरपूर आणि खर्च कमी, पण दगड उडाला तर ती खालच्या पेंटला फारसं वाचवत नाही. आपल्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर तिचं आयुष्यही कमी असतं, आणि जुनी होऊन कडक झालेली फिल्म काढताना तुकडे-तुकडे होऊन निघते.

पीपीएफ ही टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. कंपनीतून आलेल्या गाडीवरचा प्रायमरपासून क्लिअरकोटपर्यंतचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या पारदर्शक थरापर्यंतचा, पूर्ण रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ही फिल्म रंगापेक्षाही जाड आहे. एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या टायरमधून उडालेल्या खडीचा मार ती स्वतः खाते, त्याचं कारण हेच. या फिल्मचं मूळही मार खाण्यातच आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती वाळूने आणि कचऱ्याने झिजू नयेत म्हणून पॉलियुरेथेनची फिल्म वापरायला लागले, तिथून ती पुढे रेसिंगच्या गाड्यांवर आणि मग आपल्या गाड्यांवर आली.

वरच्या थराला सेल्फ-हीलिंग टॉपकोट म्हणतात. फडक्याने, धुळीने पडलेले बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने भरून येतात. किल्लीने मुद्दाम ओढलेली खोल रेघ भरत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता एक सावधगिरी. टीपीएच नावाची एक फिल्म "पीपीएफच आहे, फक्त स्वस्त" म्हणून विकली जाते. नाव जवळचं असलं तरी ती पीव्हीसीच्या घराण्यातली आहे. ती टीपीयूसारखी ताणली जात नाही, पिवळी लवकर पडते आणि काढताना त्रास देते. कोटेशनवर नुसतं "पीपीएफ" लिहिलेलं चालवून घेऊ नका. "टीपीयू" हा शब्द, फिल्मची कंपनी आणि मॉडेलचं नाव लिहून घ्या. खुद्द टीपीयूतही ॲलिफॅटिक आणि ॲरोमॅटिक असे दोन प्रकार आहेत. उन्हात पिवळं न पडणारं ते ॲलिफॅटिक. पांढऱ्या, क्रीम किंवा फिक्या निळ्या रंगाच्या फिल्मसाठी हा प्रश्न जरूर विचारा.

पहिली पायरी: रंग ठरवायच्या आधी आरसी उघडा

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी दिसेल असा फेरफार मालकाने परस्पर करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "फिल्म आहे, पेंट नाही, कधीही काढता येते, त्यामुळे आरटीओचा संबंध नाही" असं तुम्हाला निदान दोन दुकानांत तरी ऐकायला मिळेल. मी त्यावर विसंबलो नाही आणि तुम्हीही राहू नका. नाक्यावरचा पोलीस फिल्म आहे की पेंट हे खरवडून बघत नाही. तो आरसीवर "सिल्व्हर" वाचतो आणि समोर हिरवी गाडी बघतो. गाडी चोरीला गेली किंवा अपघाताचा क्लेम आला, की तिथेही हाच प्रश्न उभा राहतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा. परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील फेरफाराचा अर्ज असतो. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्र सोबत ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतिपत्र लागतं, आणि ते मिळायला कधी-कधी फिल्म लावण्यापेक्षा जास्त दिवस जातात. तो अर्ज सगळ्यांत आधी टाका. काम झाल्यावर गाडी तपासणीला दाखवायची आणि नव्या रंगाची नोंद करून घ्यायची.

आणि एक रंग यादीतून आत्ताच काढून टाका: ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. माझी पहिली पसंती नेमकी मॅट मिलिटरी ग्रीन होती. नमुना हातात घेतला होता, ॲडव्हान्स द्यायचं बाकी होतं. दुकानात कोणी काही बोललं नाही. घरी येऊन नियम वाचला तेव्हा कळलं. शेवटी निळसर छटेचा गडद हिरवा घेतला, आणि आरटीओत बोलताना नमुन्याचा तुकडा सोबत नेला.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. फिल्मची किंमत गाडीच्या आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत, आपोआप धरलेली नसते. एखादं दार अपघातात बदलावं लागलं तर त्यावरच्या फिल्मचे पैसे मिळणार का, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

दुसरी पायरी: खालच्या पेंटची तपासणी

फिल्म कितीही महागडी असो, ती चिकटते पेंटला. पेंट पत्र्याला घट्ट धरून असेल तर पाच-सात वर्षांनी फिल्म काढताना काहीही होत नाही. पेंट कच्चा असेल तर फिल्मबरोबर तोही निघतो.

कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग फिल्मला उत्तम. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग झालेला पॅनल संशयास्पद. नुकताच रंगवलेला पॅनल असेल तर निदान महिनाभर थांबा, कारण पेंटमधलं सॉल्व्हंट पूर्ण उडून जायला वेळ लागतो. गंज, पोपडा, उडालेला क्लिअरकोट असेल तर आधी दुरुस्ती. फिल्म हे दोष झाकेल असं वाटतं, प्रत्यक्षात गंज आतल्या आत वाढत राहतो.

चांगल्या स्टुडिओत पेंटची जाडी मोजायचं मीटर असतं. प्रत्येक पॅनलवर दोन-तीन ठिकाणी ठेवून आकडे लिहून घ्या. सगळीकडे ११०-१३० आणि एका फेंडरवर एकदम २५० दिसलं, तर तो फेंडर कधीतरी रंगवलेला आहे. तीनशे-चारशेच्या पुढे गेलं तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली असायची शक्यता मोठी.

यात एक खाच आहे आणि मी नेमका तिच्यात सापडलो. हे मीटर धातूवर चालतं, प्लास्टिकवर नाही. बंपर प्लास्टिकचे. गाडी आम्ही सेकंडहँड घेतली होती. पत्र्याचे सगळे आकडे चांगले आले आणि सगळे निर्धास्त झालो. फिल्म लावताना पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर ती एकदा उचलून परत बसवायला घेतली, तर तिच्याबरोबर रुपयाएवढा रंगाचा पापुद्रा निघून आला. आधीच्या मालकाच्या वेळी बंपर रंगवलेला होता, तोही नीट प्रायमर न मारता. बंपर परत रंगवणं, तो सुकण्यासाठी थांबणं आणि मग फिल्म, यात सव्वा महिना गेला. तेवढे दिवस गाडी हिरवी आणि तोंड चंदेरी.

बंपरची परीक्षा डोळ्यांनीच करावी लागते. हेडलाइटच्या कडेला आणि चाकाच्या कमानीत आतून बघा: रंगाची जाड कड, टेपची रेघ, आतल्या काळ्या प्लास्टिकवर उडालेले रंगाचे शिंतोडे दिसले तर तो रंगवलेला आहे. अशा वेळी लावणाऱ्याला आधी सांगा आणि पापुद्रा निघाला तर जबाबदारी कोणाची हे कागदावर ठरवा.

फिल्म डेंट लपवत नाही. ग्लॉस गडद रंगात तर तो जास्तच उठून दिसतो. पेंट न बिघडवता डेंट काढणारे कारागीर मोठ्या शहरांत आता सहज मिळतात. त्यांच्याकडे आधी जाऊन या.

तिसरी पायरी: रंग आणि फिनिश

मोबाइलवरच्या फोटोवरून रंग ठरवू नका. नमुन्याचा तुकडा घेऊन बाहेर या, गाडीच्या बोनेटवर ठेवा, मग उभ्या दारावर धरा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली एकच रंग तीन वेगळे दिसतात.

दुसरी गोष्ट दारं उघडल्यावर दिसते. फिल्म बाहेरच्या पॅनलवर लागते. दाराच्या आतल्या चौकटी, बोनेटखालचा भाग, डिकीची आतली कड मूळ रंगाचीच राहते. आतलं करता येतं, पण खर्च आणि वेळ बराच वाढतो, आणि वळणं इतकी की तिथल्या कडा पुढे उचलतात. मी तो पैसा घालू नका असंच सांगेन. त्याऐवजी मूळ रंगाशी जमणारा रंग घ्या. चंदेरी, राखाडी, काळा, पांढरा या मूळ रंगांवर जवळपास काहीही खपून जातं. मूळ गाडी लाल असेल आणि वर आकाशी घेतला, तर प्रत्येक वेळी दार उघडलं की लाल पट्टी दिसणार.

ग्लॉस सांभाळायला सोपा. सॅटिन दिसायला सुरेख आणि धूळ कमी दाखवणारा. मॅटवर तेलकट हाताचे ठसे, पाण्याचे डाग पटकन दिसतात. ज्यांची गाडी रोज सोसायटीतला माणूस एकाच बादलीत धुतो त्यांनी मॅटचा विचार सोडावा. मेटॅलिक आणि रंग पालटणाऱ्या फिल्ममध्ये चकाकीच्या कणांना दिशा असते. सगळे पॅनल रोलच्या एकाच दिशेने लावले नाहीत तर दार आणि फेंडर वेगळ्या छटेचे दिसतात. लावणाऱ्याला हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर ऐका, माणूस किती अनुभवी आहे ते तिथेच कळतं.

चौथी पायरी: स्टुडिओ निवडणं आणि कोटेशन

काम चालू असताना एकदा जाऊन बघा. जागा बंद आहे का, जमीन ओली ठेवतात का, पंखे धूळ उडवत नाहीत ना, दिवे चारही बाजूंनी आहेत का. रस्त्याकडेला शटर उघडं टाकून काम चालत असेल तर फिल्मखाली कचरा येणारच. फवारणीचं पाणीही विचारा. उपनगरांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असतं, ते फिल्मखाली वाळलं की क्षाराचे ठिपके राहतात. चांगले लोक गाळलेलं किंवा आरओचं पाणी वापरतात.

मग कटिंग. काही जण संगणकावरच्या नमुन्यानुसार मशीनवर फिल्म कापून आणतात, काही पूर्ण तुकडा गाडीवर पसरून हाताने कापतात. रंगबदलाच्या कामात हाताचं कटिंग सर्रास असतं, कारण कडा आत वळवायला जास्तीची फिल्म लागते, नाहीतर कडेला मूळ रंगाची बारीक रेघ राहते. पण ब्लेड थेट पेंटवर फिरता कामा नये. ब्लेडची रेघ आज दिसत नाही. फिल्म काढली की दिसते, आणि पुढे तिथूनच गंज धरतो. पेंटवर जिथे कापायचं तिथे खाली दोरा असलेली टेप लावतात, दोरा ओढला की फिल्म कापली जाते. ती टेप वापरता का, असं सरळ विचारा.

रोल बहुधा ५ फूट रुंद आणि ५० फूट लांब असतो. हॅचबॅक किंवा सेडान बेताने कापली तर एका रोलात बसते. मोठ्या एसयूव्हीला दुसरा रोल उघडावा लागतो, तेव्हा दोन्ही रोल एकाच बॅचचे हवेत. नाहीतर छटेत फरक येतो. रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा, खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, वॉरंटी त्याच नंबरवर नोंदवून घ्या.

पूर्ण गाडीच्या रंगीत टीपीयू फिल्मचा खर्च गाडीचा आकार आणि फिल्मचा दर्जा बघून साधारण एक ते अडीच लाखांच्या घरात जातो. जीएसटी धरून की सोडून, हे विचारा. यापेक्षा फारच कमी भाव मिळाला तर फिल्म टीपीयू आहे का याची परत खात्री करा. पाहिजे तर फिल्मच्या कापलेल्या तुकड्यावर तांब्याच्या घासणीने हलके ओरखडे पाडा आणि गरम पाणी ओता. चांगला टॉपकोट काही सेकंदांत गुळगुळीत होतो.

पाचवी पायरी: गाडी देताना आणि काम चालू असताना

गाडी धुऊन द्या, चारही बाजूंचे फोटो आणि व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे दोघांनी मिळून लिहून ठेवा. सिरॅमिक कोटिंग किंवा वॅक्स लावलेलं असेल तर लपवू नका. त्यावर गोंद धरत नाही, ते पॉलिश करून काढावंच लागतं. पूर्ण गाडीला तीन ते पाच दिवस लागतात. "उद्या संध्याकाळी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

कामाचा क्रम असा असतो. धुलाई, मग डांबराचे ठिपके आणि ब्रेकच्या लोखंडी धुळीचे कण काढणारी रसायनं, मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. त्यानंतर गरजेपुरतं पॉलिश. लोगो, दाराचे हँडल, शक्य तिथे दिवे आणि आरशांची कव्हरं उतरवतात. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, दुकानात ज्याला आयपीए म्हणतात, पत्रा पुसून घेतात. एवढी तयारी झाल्यावर फिल्म.

पॅनलवर आणि फिल्मच्या गोंदाच्या बाजूवर शाम्पूचं पाणी फवारतात, त्यामुळे फिल्म सरकवून जागेवर आणता येते. जिथे धरून ठेवायची तिथे आयपीए मिसळलेलं पाणी. मग स्क्वीजीने (पाणी ओढायच्या सपाट पट्टीने) मधून कडेकडे पाणी ओढत जायचं. वळणांवर हीट गनची ऊब देऊन ताणायचं, पण बेताने. रंगीत फिल्म जास्त ताणली की रंग विरळ होतो आणि बंपरच्या कोपऱ्यावर फिकट पट्टा दिसतो. खोल वळणाच्या बंपरवर एकच तुकडा ओढून बसवण्यापेक्षा नीट लपवलेला सांधा चांगला. तो कुठे येणार हे आधी विचारून घ्या म्हणजे नंतर वाद होत नाही.

काही ठिकाणी फिल्म नको. पार्किंग सेन्सर झाकायचे नाहीत. बंपरमागे किंवा लोगोमागे रडार असलेल्या गाड्यांत त्या जागेवर मेटॅलिक फिल्म टाकण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि सर्व्हिस सेंटरला विचारा. रडारला अडथळा आला तर आपोआप लागणारे ब्रेक आणि वेग सांभाळणारी यंत्रणा चुकू शकते. दिव्यांवर रंगीत फिल्म कधीच नाही. नंबरप्लेटला हात लावू द्यायचा नाही.

ऋतूबद्दल: जमलं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी निवडा. पावसाळ्यात दमट हवेत कडेचं पाणी सुकता सुकत नाही, आणि गाडी हातात घेतली की पहिल्याच दिवशी चिखल.

सहावी पायरी: गाडी ताब्यात घेणं

संध्याकाळी घ्यायला जाऊ नका. दिवसा, उघड्यावर बघा. प्रत्येक कडेवरून बोट फिरवा: दाराच्या खालची बाजू, चाकांच्या कमानी, हँडलमागची खोबण, पेट्रोलच्या झाकणाची कड, डिकीचा ओठ. कड उचललेली लागली तर तिथल्या तिथे बसवून घ्या. फिल्मखाली केस, धुळीचा मोठा कण, गोंद ओढल्याच्या पांढुरक्या रेघा शोधा. एखाद-दुसरा बारीक कण सगळ्याच कामांत असतो, त्यावरून पॅनल परत करायला लावणं मला योग्य वाटत नाही. बोनेटच्या मधोमध असेल तर मात्र अडून बसा.

पाण्याचे बारीक फुगे दिसले तर घाबरू नका, ते उन्हाने एक-दोन आठवड्यांत जातात. हवेचा फुगा जात नाही. फरक ओळखायला बोटाने दाबा: पाणी सरकतं, हवा दबून परत वर येते.

काचा खाली-वर, आरसे, सेंट्रल लॉक, पार्किंग सेन्सर, कॅमेरा, सगळे दिवे चालवून बघा. दार उघड-बंद करताना खडखड आली तर आतली एखादी क्लिप तुटलेली असते.

उरलेल्या फिल्मचा निदान दोन-तीन फुटांचा तुकडा मागून घ्या. गुंडाळून, सावलीत, घडी न घालता ठेवा. वर्षभराने आरसा घासला किंवा बंपरचा कोपरा फाटला तर त्याच बॅचचा रंग दुकानात मिळेलच असं नाही.

यानंतर लगेच आरटीओची तपासणी आणि नव्या रंगाची नोंद उरकून टाका. ती होईपर्यंत अर्जाची पावती गाडीत ठेवा.

सातवी पायरी: रोजची काळजी

पहिला आठवडा गाडी धुवायची नाही, कडा वाळू द्यायच्या. नंतर सौम्य कार शाम्पू, दोन बादल्या, स्वच्छ मायक्रोफायबर. प्रेशर वॉशचा नोझल निदान दीड-दोन फूट लांब आणि कडेवर थेट मारा नाही. पंपावरची फिरत्या ब्रशची धुलाई टाळा. रबिंग कंपाउंड कोणी काढलं तर हात धरा. सॅटिन आणि मॅटवर तर पॉलिश अजिबात नाही, घासलेली जागा कायमची चमकते.

पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, जूनमध्ये जांभळाखाली उभ्या केलेल्या गाडीवरची जांभळं: हे सगळं त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून उचला. कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी चार दिवस राहून आलात तर मिठाचा थर आधी साध्या पाण्याने धुऊन काढा.

आणि दसरा. याबद्दल फिल्मवाले सांगत नाहीत, कारण वॉरंटीच्या कागदावर तो नसतो. खंडेनवमीला, दसऱ्याला गाडीची पूजा आपण करतोच, मी पण करतो. पण टीपीयू हळदीचा रंग शोषून घेते. फिक्या रंगाच्या किंवा मॅट फिल्मवर ओल्या हळदीचं बोट दोन तास राहिलं की पिवळा डाग बसतो. आमच्याकडे आता स्वस्तिक पुढच्या काचेवर काढतो आणि हळद-कुंकू नंबरप्लेटखालच्या काळ्या प्लास्टिकला लावतो. हार बोनेटवर वाळू देत नाही, झेंडूचाही डाग पडतो. लिंबू-मिरची बंपरला टेकणार नाही अशी बांधतो. तरी हळद लागलीच, तर घासू नका. शाम्पूने धुऊन गाडी काही दिवस उन्हात उभी करा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, बराचसा उडून जातो. होळीच्या पक्क्या रंगांचं मात्र तसं नाही, त्या दिवशी गाडी झाकून ठेवा.

फिल्म काढायची वेळ

वॉरंटी कितीही वर्षांची असली तरी फिल्म कडेने कडक वाटू लागली, पिवळट झाली, भेगा दिसल्या की काढून टाका. पार संपेपर्यंत ठेवली तर गोंद पेंटवर राहतो आणि मजुरी दुप्पट होते. काढताना पॅनल गरम करून, फिल्म पत्र्याला समांतर ठेवत सावकाश ओढायची असते. सरळ वर खेचली तर पेंटवर ताण येतो. एखाद्या रविवारी यूट्यूब बघून घरी करायचा मोह होईल. एका दारावर करून बघायला हरकत नाही, पण रंगवलेला पॅनल असेल तर तो माहितगाराकडूनच काढून घ्या.

फिल्म निघाल्यावर मूळ रंग परत येतो आणि आरसीवर तोवर नवा रंग लिहिलेला असतो. तेव्हा हाच अर्ज पुन्हा, उलट दिशेने. गाडी विकायची असेल तर हे गिऱ्हाईक बघायच्या आधी करा, हस्तांतरणाच्या कागदांवर आणि गाडीवर दोन वेगळे रंग असले की सौदा तिथेच अडतो.